ऊस पिवळा, पानाखाली पांढरी माशी : औषधाच्या आधी मातीचा सामू बघा

अहिल्यानगर : पिकावर कीड दिसली की आपला पहिला फेरा औषधाच्या दुकानात असतो. दुकानदार विचारतो, पीक कोणतं, कीड कोणती, एकर किती. जमीन कशी आहे, मातीचा सामू किती आहे, हे फारसं कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. दोन फवारण्या होतात, कीड आठ दिवस दबते, परत वर येते. शेजारच्या वावरात तेच पीक, तेच बेणं, पण कीड निम्मी. मग आपण नशिबाला बोल लावतो.

किडीची कारणं अनेक असतात. हवामान, जात, लागवडीची तारीख, मित्रकीटक, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण जमिनीचा सामू हे एक कारण असं आहे की जे वर्षानुवर्षं त्याच रानात बसून राहतं आणि डोळ्यांना दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात तर सामूची दोन्ही टोकं आहेत. घाटघर-भंडारदऱ्याकडची माती आंबट, तर राहाता, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगावची कालव्याखालची माती खारी-चोपण. एका टोकाचा उपाय दुसऱ्या टोकाला नेला तर नुकसान होतं. म्हणून हा विषय सविस्तर समजून घेऊ.

सामू म्हणजे नेमकं काय

माती आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी, हे मोजण्याचं माप म्हणजे सामू. बोलताना आपण पीएच म्हणतो. हे माप डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये काढलं. शून्य ते चौदा असा त्याचा आकडा असतो. ७ म्हणजे उदासीन, ७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर विम्ल. बहुतेक पिकांना ६.५ ते ७.५ मानवतो.

यातली मेख अशी की सामूचा एक आकडा वाढला म्हणजे फरक दहापट पडतो. दोन आकडे म्हणजे शंभरपट. त्यामुळे ६.५ आणि ८.५ ऐकायला जवळ वाटले तरी मुळाच्या दृष्टीने ही दोन वेगळी गावं आहेत.

सामूबरोबर अहवालात आणखी दोन आकडे बघायचे असतात. एक म्हणजे क्षारता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. आपल्या प्रयोगशाळांच्या नेहमीच्या पद्धतीत ही १ च्या आत असेल तर चिंता नसते. दुसरा आकडा मुक्त चुनखडीचा, तो टक्क्यांत येतो. नुसत्या सामूवरून औषधोपचार ठरत नाही, हे तिन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात.

एक जिल्हा, दोन टोकं

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटघर, साम्रद, रतनवाडी हा भाग सह्याद्रीच्या ऐन धारेवर आहे. तिथे पावसाळ्यात जो पाऊस कोसळतो, तो खाली पाथर्डी-जामखेडला कित्येक वर्षं मिळूनही व्हायचा नाही. हा पाऊस मातीतला चुना, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेतो. मागे उरतं ते लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून तिथली तांबडी माती आम्लाकडे झुकते. भात, नागली, वरई ही पिकं तिथे पिढ्यान् पिढ्या टिकली, कारण ती अशा मातीत तग धरतात.

खाली उतरलं की चित्र उलटं होतं. बेसाल्ट खडकापासून झालेली काळी माती, कमी पाऊस, कडक ऊन. पाणी वरून खाली झिरपण्यापेक्षा खालून वर ओढलं जातं आणि चुना जागेवरच साठतो. नांगरटीत पांढरे खडे वर येतात ती हीच चुनखडी. अशा रानाचा सामू ७.५ ते ८.५ सहज निघतो.

त्यात कालवे आले. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि प्रवरेचं पाणी पाटाने खाली आलं. गोदावरीचे कालवे तर शंभर वर्षांहून जुने आहेत. पुढे १९७० च्या दशकात मुळा धरणाचं पाणी राहुरी-नेवाशाकडे फिरलं. १९५० च्या सुमाराला प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस हे या भागाचं मुख्य पीक झालं. या पाण्याने जिल्ह्याचं भलं झालं, यात शंकाच नाही. पण भारी काळ्या रानात पाटाचं मोकाट पाणी, निचऱ्याला चर नाही, वर्षाचे बारा महिने ऊस, यामुळे जमिनीखालची पाणीपातळी वर आली. पाण्याबरोबर क्षार वर आले. पाणी उडून गेलं, मीठ राहिलं. आधी रान चिभडलं, मग पांढरं फुटलं, मग चोपण झालं.

हे काही आजचं दुखणं नाही. नीरा कालव्याखालच्या खारवट जमिनींचा अभ्यास पुण्याच्या शेती कॉलेजचे डॉ. हेरॉल्ड मान यांनी १९१० च्या सुमारालाच केला होता. म्हणजे बागायत आली तेव्हापासूनच इशारा मिळालेला आहे.

सामू बिघडला की पिकाला काय होतं

जमिनीत अन्नद्रव्य असणं आणि ते पिकाला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोठारात धान्य आहे पण कुलपाची किल्ली नाही, तसं होतं. ती किल्ली बऱ्याच अंशी सामूच्या हातात असते.

सामू ८ च्या वर गेला की लोह, जस्त, मँगनीज ही सूक्ष्म अन्नद्रव्यं मातीत असूनही विरघळत नाहीत. उसावर केवडा पडतो, म्हणजे शेंड्याची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. सोयाबीन, भुईमूग, हरभरा पिवळा पडतो. श्रीगोंद्याकडे चुनखडीच्या रानात कागदी लिंबाची पानं जाळीदार पिवळी दिसतात, तेही बहुतेक वेळा हेच.

स्फुरद आपण पोत्याने टाकतो, पण चुनखडीच्या रानात ते कॅल्शियमशी बांधलं जातं. युरियाचंही तसंच. विम्ल मातीवर उघडा टाकलेला युरिया, वर ऊन आणि माती ओलसर, म्हणजे त्यातला बराचसा नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातो. पीक हिरवं दिसेना म्हणून आपण आणखी एक गोणी टाकतो.

चोपण जमिनीत सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात आणि भेगा-पोकळ्या बुजतात. पाणी वर साचून राहतं, मुळाला हवा मिळत नाही. रान ओलं असताना चिकट आणि वाळलं की दगड, अशी अवस्था होते. वाफसा एक-दोन दिवसच मिळतो.

आम्ल मातीचं दुखणं वेगळं आहे. सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं जाळतो. मुळं आखूड, जाड, गाठाळ होतात. इथे स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधलं जातं. मॉलिब्डेनम कमी मिळतं. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी करणारे रायझोबियम जिवाणू आम्ल मातीत नीट वाढत नाहीत, त्यामुळे गाठी कमी आणि नत्रही कमी.

नुसत्या खतानेही माती आंबट होऊ शकते. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात १८५६ पासून गवताच्या तुकड्यांवर एक प्रयोग चालू आहे. ज्या तुकड्याला वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलं आणि चुना दिला नाही, त्याचा सामू ४ च्याही खाली गेला. गांडुळं जवळपास संपली, गवताच्या मोजक्याच जाती उरल्या. आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात असं होणार नाही, चुना ते आम्ल गिळून टाकतो. पण घाटमाथ्याच्या मातीत तो चुना नाही, हे अकोल्याच्या शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मग किडीचा संबंध कुठे येतो

पानावर, शेंड्यावर बसणाऱ्या किडीला मातीचा सामू थेट कळत नाही. तिला कळतो पानातला रस. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडी आहेत. त्यांना झाडातली साखर सहज मिळते, अडचण असते ती नत्राची, म्हणजे अमिनो आम्लांची. ज्या झाडाच्या रसात सुटी अमिनो आम्लं जास्त, तिथे त्यांची पैदास जोरात होते.

निरोगी झाड नत्र उचलतं, त्याची अमिनो आम्लं करतं आणि ती जोडून प्रथिनं बनवतं. या कामाला पालाश, जस्त, गंधक, मॅग्नेशियम, मॉलिब्डेनम हे सगळे मजूर लागतात. सामू बिघडल्यामुळे यातले काही मजूर कामावरच आले नाहीत आणि वरून युरियाचा ढीग पडला, तर अर्धवट तयार झालेला माल रसात साचतो. शोषक किडीला ती मेजवानीच. फ्रान्सचे संशोधक फ्रान्सिस शाबुसू यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच विचार ठासून मांडला होता. सगळ्याच किडींना तो लागू पडत नाही, पण रस शोषणाऱ्यांच्या बाबतीत त्याचा बराच प्रत्यय येतो. अमेरिकेच्या सोयाबीन पट्ट्यात पालाशाची कमतरता असलेल्या शेतात सोयाबीनवरचा मावा जास्त वाढतो, असं तिथल्या विद्यापीठांच्या अभ्यासात दिसून आलं आहे.

दुसरा रस्ता तहानेचा आहे. खारवट रानात मुळाशी ओल असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. वरून बघावं तर रान ओलं आणि झाड तहानलेलं. कांदा हे खारटपणाला फार नाजूक पीक आहे, आणि पाण्याचा ताण बसलेल्या कांद्यावर फुलकिडे जास्त नुकसान करतात. म्हणून एकाच वावरात खारट पट्ट्यातला कांदा आधी चंदेरी पडतो, पात वाकडी होते, आणि चांगल्या पट्ट्यातला तग धरतो.

तिसरा रस्ता भरून काढण्याच्या ताकदीचा. खोडकिडीने एक पोंगा खाल्ला तर दणकट उसाला नवे फुटवे येतात. मुळंच कोंडलेली असतील तर ते येत नाहीत. कीड दोन्ही रानांत सारखीच असते, पण नुकसान एकात दुप्पट दिसतं.

उसावरची पांढरी माशी : उपाशी रानाची कीड

वर सांगितलं ते जादा नत्राचं. पण आपल्या जिल्ह्यातल्या उसावर याच्या बरोबर उलटं उदाहरण आहे आणि ते नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर सगळ्या किडींना एकच औषध होऊन बसतं.

उसावरची पांढरी माशी चिभड, पाणी साचणाऱ्या, निचरा नसलेल्या आणि नत्र कमी पडलेल्या उसावर जास्त येते. खोडव्यात तर हमखास. पावसाळा सरता सरता, ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तिचा जोर असतो. पानाच्या मागच्या बाजूला काळे, लंबगोल, कडेला पांढरी मेणाची झालर असलेले ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे तिची पिल्लं आणि कोष. ती रस शोषतात, अंगातून चिकट गोड पाणी सोडतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. ऊस लांबून काळपट-पिवळा दिसतो.

कालव्याखालच्या चोपण रानात या किडीला हवं ते सगळं एकत्र मिळतं. पाणी साचलेलं, मुळं गुदमरलेली, युरियाचा नत्र काही हवेत उडालेला, काही पाण्यात वाया गेलेला. अशा वेळी नुसतं कीटकनाशक मारलं तर दाट उसात ते पानाखाली पोचत नाही, आणि पोचलं तरी रान तसंच राहतं. इथे शिफारस अशी की आधी साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा, नत्राचा राहिलेला हप्ता द्या, गरज वाटली तर दोन टक्के युरियाची फवारणी करा, जास्त किडीची खालची पानं काढून नष्ट करा, आणि अशा रानात खोडवा ठेवू नका. कीटकनाशक हा त्यानंतरचा उपाय.

पिवळेपणाची तीन कारणं मात्र ओळखता आली पाहिजेत. कोवळी वरची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा, लोहाची कमतरता. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. पान उलटल्यावर ठिपके आणि काळी बुरशी दिसली तर पांढरी माशी. बऱ्याच वावरांत हे तिन्ही एकदम असतं, कारण तिघांचं मूळ एकच, निचरा नसलेलं चोपण रान.

हुमणीचा मामला मात्र वेगळा आहे. ती जमिनीतच राहणारी कीड असली तरी ‘चुना टाका, हुमणी जाईल’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आधीच चुनखडीच्या रानात चुना टाकून आपण केवडाच वाढवू. हुमणीसाठी पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर जमणारे भुंगेरे गावाने मिळून गोळा करणं, हाच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

फळबागेत काय दिसतं

लिंबू, डाळिंबाच्या बागेत चुनखडीमुळे पानं पिवळी पडली की बागायतदार नत्र वाढवतो. झाड वरचेवर नवी कोवळी पालवी काढत राहतं. लिंबावर नागअळी आणि सिट्रस सायला या दोन्ही किडी कोवळ्या पालवीवरच येतात. म्हणजे लोह-जस्ताचं दुखणं नत्राने झाकायला गेलो आणि किडीला वर्षभर खाणं पुरवलं. इथे आधी पान तपासणी करून सूक्ष्म अन्नद्रव्यं द्यावीत आणि बहाराच्या हिशेबाने पालवी एकदम येईल असं नियोजन करावं.

अकोल्याच्या भाताला राब आणि राख

आंबट मातीकडे वळू. अकोल्याच्या पश्चिम भागात रोपं टाकण्याआधी राब भाजण्याची पद्धत आहे. पालापाचोळा, शेण, गवत अंथरून जागा भाजली की तण-बी मरतं आणि राख उरते. ही राख विम्ल असते, तिच्यात पालाश असतो. म्हणजे आजोबा-पणजोबांनी पीएच हा शब्द न ऐकता रोपवाटिकेपुरता सामू सुधारून घेतला होता. फक्त त्यासाठी झाडं तोडावी लागतात आणि सेंद्रिय माल जळून जातो, हा त्यातला तोटा.

त्याला पर्याय म्हणून डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात पद्धतीत रोपवाटिकेच्या वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायला सांगितली आहे. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. या राखेतून रोपांना सिलिका मिळते. सिलिकेने पान आणि खोड कणखर होतं, खोडकिडीच्या अळीला पोखरायला आणि करप्याच्या बुरशीला आत शिरायला जड जातं. गिरणीच्या मागे पडून राहणारं तूस हे असं कामाचं आहे.

भाताच्या बाबतीत आणखी एक सोय निसर्गानेच केली आहे. खाचरात पाणी साचून राहिलं की काही आठवड्यांत मातीचा सामू आपोआप ७ कडे सरकतो. आंबट माती वर येते, विम्ल माती खाली येते. म्हणून त्याच मातीत भात चांगला येतो, पण त्यावर रब्बीत हरभरा किंवा मसूर घेतला की पिवळा पडतो. पाणी गेलं की आंबटपणा परत आलेला असतो.

टाकीतलं पाणी आणि अळीचं पोट

सामू फक्त मातीत असतो असं नाही. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी बऱ्याच गावांत ८ च्या आसपास किंवा वर असतं. काही कीटकनाशकं, विशेषतः ऑरगॅनोफॉस्फेट गटातली, अशा विम्ल पाण्यात फुटतात. सकाळी टाकी कालवली, दुपारी लाईट गेली, संध्याकाळी मारलं, तर तोवर औषधाची ताकद उतरलेली असू शकते. मग आपण म्हणतो औषध बनावट निघालं. कधी ते खरंही असतं, पण आधी पाणी तपासा.

साधी पीएच पट्टी किंवा लहान मीटर पुरतं. पाणी जास्त विम्ल असेल तर सायट्रिक ॲसिड थोडं थोडं टाकून सामू ६ ते ७ च्या दरम्यान आणावा, मग औषध कालवावं आणि लगेच संपवावं. रात्रभर ठेवू नये. मात्र बोर्डो मिश्रण किंवा कोणतंही तांबंयुक्त बुरशीनाशक असेल तर ॲसिड अजिबात टाकू नका. आम्ल पाण्यात तांबं जास्त विरघळतं आणि पानं जळतात. औषधाच्या लेबलवर काय लिहिलं आहे ते वाचूनच हात घाला.

आणि सामूची एक करामत अळीच्या पोटात आहे. बीटी जिवाणूचं प्रथिन स्फटिकाच्या रूपात असतं. माणसाच्या जठरात आम्ल असतं, पण पतंगवर्गीय अळीचं मधलं आतडं चांगलंच विम्ल असतं. तिथे हा स्फटिक विरघळतो, विष तयार होतं, आतड्याला छिद्रं पडतात आणि अळी खाणं सोडून मरते. बीटीची पावडर फवारतो तेव्हा हेच होतं. बीटी कपाशीत हे विष झाड स्वतःच तयार करतं. मावा-तुडतुड्यांवर बीटी चालत नाही, म्हणून शेवगाव-पाथर्डीच्या कपाशीवर बीटी असूनही रसशोषक किडींसाठी वेगळा विचार करावाच लागतो. बीटीची पावडर टाकीतल्या विम्ल पाण्यात ताटकळत ठेवली तर ती पोटाऐवजी टाकीतच खराब होऊ लागते, हेही ध्यानात घ्या.

जमिनीप्रमाणे उपाय

आपल्याकडे सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. ‘जमीन खराब आहे ना, मग जिप्सम टाक’ असा सल्ला चहाच्या टपरीवर सर्रास मिळतो. पण खराब जमिनीचे प्रकार चार आहेत.

- नुसती खारवट जमीन : क्षारता जास्त, सामू ८.५ च्या आत. इथे जिप्समची गरज नाही. चर काढा, निचरा करा, चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढा.

- चोपण जमीन : सामू ८.५ च्या वर, सोडियम जास्त. इथे जिप्सम लागतं. किती ते अहवालातल्या जिप्समच्या गरजेवरून ठरवा. शेणखतासोबत वरच्या वीतभर थरात मिसळा, पाणी द्या, आणि सुटलेला सोडियम वाहून जायला चर हवाच. चर नसेल तर जिप्समचे पैसे पाण्यात. धैंचा पेरून ४०-५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या आत गाडणं हा स्वस्त आणि चांगला उपाय. कुजवलेली मळीही उपयोगी.

- चुनखडीची जमीन : सामू ८ ते ८.५, चुनखडी जास्त, पण निचरा बरा. इथे सामू बदलायच्या मागे लागू नका. हिशेब करून बघा. एका एकरातल्या वरच्या वीतभर मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. त्यात एक टक्का चुनखडी म्हणजे ९ टन. ती मुरवायला जवळपास ३ टन गंधक लागेल. आपल्या रानात चुनखडी पाच-दहा टक्के असते. हा खर्च कुणालाच परवडणार नाही. त्यापेक्षा मुळाजवळची माती सुधारा. हिराकस, झिंक सल्फेट थेट मातीत न फेकता दहापट कुजलेल्या शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवून ओळीत द्या. उभ्या पिकाला फवारणीतून द्या. नत्रासाठी अमोनियम सल्फेट, स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट बरं. युरिया कधीही उघडा टाकू नका, मातीआड करा.

- आम्ल जमीन : चुना किंवा डोलोमाइट, तेही अहवाल बघून, लावणीच्या काही आठवडे आधी. युरिया किंवा अमोनियम सल्फेटबरोबर चुना एकत्र टाकू नका, नत्र उडून जातो. रॉक फॉस्फेट हे स्वस्त खत आम्ल मातीत हळूहळू विरघळून लागू होतं. तेच नेवाशाच्या चुनखडीत टाकलं तर दगड टाकल्यासारखंच.

जातीची निवडही महत्त्वाची. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली फुले २६५ ही उसाची जात खारवट-चोपण जमिनीत इतर जातींपेक्षा तग धरते. पण जात हा आधार आहे, निचऱ्याचा बदला नाही.

नमुना कसा घ्यावा

वरचा एकही उपाय तपासणीशिवाय करू नये. नमुना घेण्याची चांगली वेळ म्हणजे पीक निघाल्यावर, पुढचं खत टाकायच्या आधी, एप्रिल-मे मध्ये. एका एकरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या. खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत काढा. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा.

बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, पाटाच्या कडेला नमुना घेऊ नका. पांढरा पडलेला पट्टा आणि चांगला पट्टा यांचे नमुने वेगळे पाठवा, एकत्र केले तर दोन्हींचा अहवाल चुकीचा येईल. फळबागेसाठी फूट-फूट करत तीन फुटांपर्यंतचे वेगळे थर घ्या, कारण चुनखडी खाली जास्त असते. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी घमेलं टाळून प्लास्टिकचं वापरा. विहीर-बोअरच्या पाण्याची एक बाटलीही सोबत द्या.

तपासणीची सोय राहुरीच्या कृषी विद्यापीठात आहे. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रांकडे विचारणा करावी. शासनाची मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून चालू आहे, गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे तिची चौकशी करता येते. बऱ्याच घरांत ही पत्रिका आलेली असते, पण ती कपाटात सातबाऱ्याच्या घडीत पडून राहते. ती काढा, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब या तीन ओळी वाचा. चुनखडी त्यात नसेल तर वेगळी तपासून घ्या.

पुढच्या वेळी औषधाच्या दुकानात जाताना तो कागद खिशात असू द्या. दुकानदाराने औषध काढायच्या आधी तो त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, या जमिनीत हे औषध मारायचं की आधी चर काढायचा. ज्याला पीक कळतं तो उत्तर देईल. जो नुसती बाटली पुढे करील, त्याच्याकडून घ्यायचं की नाही ते आपण ठरवावं.